मास्तरांचा अंगठा आणि न संपणारा खेळ

चाळीस वर्षांत आपण वीतभरही कापड वाया घालवलं नाही, असं टेलरमास्तर सांगत. दुसरं कोणी सांगायच्या आधी स्वतःच सांगत. एका सकाळी दुकानातच ते कोसळले आणि दवाखान्यातून लुळा उजवा हात घेऊन घरी आले. जीभ मात्र शाबूत राहिली, हे घरच्यांचं नशीब.

मुलाला दुकान भाड्याने द्यायचं होतं. मुलगा वाईट नव्हता, उतावळा होता. "तीन महिने थांबतो, बाबा. कात्री चालवता आली तर दुकान तुमचं, नाहीतर किल्ली देऊन टाकू." मास्तरांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तेव्हाच सुनेने ओळखलं, की घाव वर्मी बसलाय.

दवाखान्याने हाताच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू मास्तरांनी पहिल्याच दिवशी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला होता. मग सुनेने माळ्यावरून नवऱ्याचा लहानपणीचा बटणांचा व्हिडिओ गेम काढला, नवे सेल घातले आणि सासऱ्यांच्या उजव्या हातात कोंबला. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली चपखल बसवायचे. ओळ भरली की ती नाहीशी व्हायची.

"आणि जिंकलं की काय?"

"जिंकता येतच नाही, बाबा. वेग वाढतच जातो. कधी ना कधी हरायचंच."

"मग हा खेळ आहे की थट्टा?"

पण हातातला खेळ काही सोडला नाही. अंगठा कसाबसा हलायचा, आणि दोन मिनिटांत ठोकळे पडद्याच्या वरपर्यंत साचून डाव संपायचा. सुनेने चार दिवस पाहिलं आणि तिला भलतंच दिसलं. मास्तर ठोकळ्याला ठोकळा अगदी शिवणीसारखा भिडवत आणि उजवीकडचं शेवटचं घर मुद्दाम रिकामं ठेवत.

"अहो, ती ओळ भरा ना!"

"भरली की जाते. इतकं जुळवलेलं काम डोळ्यांदेखत घालवू?"

सुनेने कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही शिवलेला एक तरी कोट दुकानात राहिलाय का? गिऱ्हाईक घालून गेलंच ना?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, नाक उडवलं आणि ओळ भरली.

त्यानंतर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. सकाळी चहाआधी खेळ, जेवताना ताट बाजूला सारून खेळ. चेंडू दाबला जाईना तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. इथे हरणं ठरलेलंच होतं, त्यामुळे हरण्याची लाजच उरली नाही. दिवसातून पन्नासदा हरत, ठोकळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि पुन्हा सुरू करत. दुसऱ्या महिन्यात अंगठा दुखू लागला. दुखतोय म्हणजे जिवंत झालाय, असं मास्तर घरभर आनंदाने सांगत फिरले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी भाडेकरू दुकान बघायला आला. मुलगा कुलूप काढतोय तोच मागून मास्तर आत शिरले. त्यांनी टेबलावर राखाडी लोकरी कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि मोठी कात्री उचलली. सुनेने पदर मुठीत धरला. सरळ रेघ निभावली. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या, गोलाव्यावर अंगठा घसरला आणि कात्री थांबली. मास्तरांनी एक सणसणीत शिवी हासडली, अंगठा पुन्हा बसवला आणि गोलावा एका दमात कापून काढला. खडूच्या रेघेबाहेर सूतभरसुद्धा नाही! सून लहान पोरीसारखी रडली, आणि मास्तरांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं तेवढं राहिलं.

भाडेकरू शहाणा माणूस होता. पाहिलं, हसला आणि निघून गेला.

मुलाने तो कापलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जन्मभर त्याने तयार कपडेच घातले होते. त्याने खुंटीवरची टेप काढून वडिलांच्या पुढे धरली.

"बाबा, माझं माप घ्या."

मास्तरांनी टेप उजव्या हातात घेतली. "सरळ उभा राहा," ते म्हणाले, "आणि पोट आत ओढू नकोस. मला खरं माप लागतं."