नोटीस बोर्डावरची सावड

मी सुपरवायझर झाले त्या आठवड्यात ऑफिसनं आम्हाला एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं. चांगला लीडर कसा असतो हे शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. ते म्हणाले, "लीडर हुकूम सोडत नाही, माणसं आपणहून त्याच्यामागे येतात." मी ते वहीत लिहून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे, आणि ते वाक्य वाचलं की अजूनही माझा गोंधळ उडतो.

पिरंगुटजवळच्या आमच्या कारखान्यात लोणच्याच्या बरण्या भरतात. माझ्या लाईनवर बारा बायका. सगळ्या आसपासच्या गावांतल्या, बहुतेकींची भाताची खाचरं. मीही कासार आंबोलीचीच, पण आमच्या खाचरांवर आता शहरातल्या लोकांचे बंगले उभे आहेत. चिखलात पाय घालून मला दहाएक वर्षं झाली असतील.

आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, सगळ्यांना एकदमच सुट्टी हवी असते. त्या वर्षी वरून सक्त आदेश होता, कोणालाही रजा नाही. लाईनवरच्या एकीच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. तिचा अर्ज मी परत केला, तर ती दिवसभर बरण्यांची झाकणं वाकडी बसवत राहिली. मला फार वाईट वाटलं. आणि मग ती कल्पना सुचली, जिच्यावर पुढे आठवडाभर मी स्वतःच खूश होते.

सावड! आमच्याकडे आज एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या त्यानं सगळ्यांच्या. रविवारी अख्खी लाईन तिच्या खाचरात उतरवायची. मी एका कागदावर बाराजणींची नावं लिहिली, वर 'सावड, रविवार, सकाळी सात' असं आणि तिच्या शेताचं ठिकाण लिहिलं आणि पंचिंग मशीनशेजारच्या बोर्डावर, ओव्हरटाईमच्या यादीखाली चिकटवून दिलं. दोन मिनिटांत काम फत्ते.

एकूण एक आल्या. दुपारपर्यंत दोन खाचरं लावून झाली, बांधावर बसून पिठलं-भाकरी झाली. चिखलात उभ्या असलेल्या माझा कोणीतरी फोटो काढला, तो मॅनेजरसाहेबांनी ग्रुपवर टाकला. मी तर हवेतच होते. लाईनवरची सगळ्यांत जुनी बाई, जिला आम्ही आक्का म्हणतो, तेवढी जेवताना गप्प होती. म्हटलं वय झालंय, दमली असेल.

नंतर पावसानं दडी मारली. आठ-दहा दिवस नुसतं ऊन. ज्या बाईचं शेत आम्ही लावलं होतं, तिनंच एकदा हळूच मला सांगितलं की आक्कानं कागद लागायच्या आधीच स्वतःच्या खाचराची चिखलणी, म्हणजे लावणीसाठी नांगरून चिखल, करून ठेवली होती. रविवार हा तिचा लावणीचा एकुलता एक दिवस होता.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो आक्काचाच आला. जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "आक्का, सांगायचं ना मला! मी काय तुम्हाला खाणार होते?"

आक्कानं शांतपणे डब्याला झाकण लावलं. "सावडीला मानूस दारात येतं बोलवायला. जमत आसंल तर व्हय, न्हाईतर न्हाई. तुमी तर कागद लावला. त्यो बी ओव्हरटायमाखाली."

"पण ती ड्युटी नव्हती, आक्का."

"ते आमाला कसं कळावं, ताई?"

मला माझी आई आठवली. सावडीच्या आदल्या दिवशी ती घरोघर जायची, उंबऱ्यावर टेकायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि शेवटी विचारायची. एखादी नाही म्हणाली तरी चहा पिऊनच उठायची. मला तेव्हा तो निव्वळ वेळेचा खोळंबा वाटायचा.

रविवारी मी आक्काच्या दारात गेले. "आक्का, सावडीला येऊ का?" गोठ्यात म्हैस हिरवंगार काहीतरी खात होती. जवळ जाऊन पाहिलं तर भाताच्या रोपांच्या जुड्या.

"रोप जून झालं. खाचराला भेगा पडल्यात. म्हशीला तरी व्हईल," आक्का म्हणाली. "यंदा तांदूळ इकत घ्यायचा." ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा टाकला. तो पिऊनच मी उठले.

पुढच्या आठवड्यात मोठी ऑर्डर आली. तासभर जास्त थांबायचं होतं. या खेपेला मी कागद लावला नाही. लाईनवर एकेकीपाशी जाऊन विचारलं, "जमेल का? नसेल जमत तर राहू दे." अकराजणी म्हणाल्या, "हो ताई." आक्का झाकण आवळत होती. मान वर न करताच म्हणाली, "न्हाई."

सगळ्यांचे हात थांबले. मी म्हटलं, "बरं."

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "एक कमी कशी? तुमचं ऐकत नाहीत का?" त्या अकराजणी मनापासून हो म्हणाल्या की घाबरून, हे मला आजही कळलेलं नाही. खात्री आहे ती एकट्या आक्काची.