व्याह्यांना पाजलेलं पाणी

चहा आधी संपवून घ्या. मी काय करून बसलो ते ऐकलंत, तर पुन्हा माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत.

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, हे तुम्हाला माहीतच आहे. निवृत्त झालो आणि घरी बसलो. बसलो म्हणजे काय, बायकोला स्वयंपाक शिकवू लागलो. आठव्या दिवशी तिने सांगून टाकलं, काहीतरी काम बघा, नाहीतर माझ्या भावाच्या मिरचीच्या पथारीवर जा. नंदुरबारची पथारी म्हणजे दिवसभर उन्हात वाळत्या मिरच्यांसमोर शिंकत बसायचं, आणि तेही मेहुण्याच्या हाताखाली! त्यापेक्षा मी रुग्णसेवक व्हायचं ठरवलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, चालवायचं.

पंधरा दिवसांचं प्रशिक्षण होतं. वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं आणि मागच्या बाकावर मी. शिकवणाऱ्या बाई पहिल्या दिवशी मलाच पेशंट समजल्या. त्यांनी एक गोष्ट मात्र आमच्या डोक्यात पक्की बसवली. म्हातारी माणसं पाणी नको म्हणतात, जेवण नको म्हणतात, मला काही झालेलंच नाही म्हणतात. त्यांचं ऐकत बसायचं नाही.

लोकांचं ऐकायचं नाही, हे तर मला एकतीस वर्षं उत्तम जमलेलं. वर्गात पहिला आलो की हो.

पहिलं काम लागलं तापीकाठच्या एका गावात, केळीची बागायत असलेल्या गुजर कुटुंबात. मुलाने फोनवर सांगितलं की आबांना झटका येऊन गेलाय, उजवा हात अशक्त आहे, बोलणं कमी झालंय, साखरेचा त्रास आहे आणि स्वभाव हट्टी आहे. आम्ही मळ्यात असू, आबा ओट्यावर असतील, तुम्ही येऊन सुरू करा. आठ दिवस बघू, जमलं तर कायम. घरून निघताना बायको म्हणाली, दुपारच्या गाडीने परत यालच, भाकरी झाकून ठेवते.

पोचलो, तर ओट्यावर दोन म्हातारे. एक खाटेवर आडवा, डोक्यावर ओला पंचा, डोळे मिटलेले. दुसरा खुर्चीत ताठ, इस्त्रीचा सदरा, टोपी, कपाळावर गंध. आता तुम्हीच सांगा, पेशंट कोणता? शेंबडं पोर सांगेल. मी तर प्रमाणपत्रवाला, मी कशाला कोणाला विचारतोय?

खाटेवरच्यांचे पाय कोमट पाण्याने धुवायला घेतले. ते दचकून उठून बसले. कसाले भाऊ, कसाले, म्हणू लागले. मी म्हटलं, लाजायचं नाही, आता हे रोजचंच. मग उजवा हात धरून वरखाली व्यायाम सुरू केला. हात चांगला शे, असं त्यांनी सांगून पाहिलं. सगळे असंच म्हणतात, मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. मी वहीत लिहिलं : स्मरणशक्ती कमजोर.

मग पाणी. पेला पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. "पानी नको, भाऊ. मी आठे पानी पेस नही. मन्हा नेम शे..."

बस्स, मला बाईंचं वाक्य आठवलं. नेमबिम काही नाही, म्हटलं, ऊन बघा काय पडलंय. हनुवटी धरली आणि चमच्याने अख्खा पेला पोटात घातला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, समाधान. स्वयंपाकघरात खिचडी झाकलेली होती, तीही भरवली.

खुर्चीतले पाहुणे हे सगळं फार आवडीने बघत होते. घरात कोणी नाही, बिचाऱ्यांना कोण विचारणार? मी डब्यातले बुंदीचे लाडू आणून दिले. त्यांनी एक खाल्ला. पाहुण्याने एवढं लाजून कसं चालेल? मी आग्रह केला. पाचव्या लाडवाला त्यांनी मला डाव्या हाताने आशीर्वाद दिला. डाव्याच का, हा प्रश्न हुशार माणसाला पडला असता.

तेवढ्यात घरची सूनबाई मळ्यातून आली. तिने एकदा खाटेकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे, आणि पायरीवरच बसली.

खाटेवरचे तिचे वडील होते हो. अचानक लेकीला भेटायला आलेले, ऊन लागलं म्हणून तिने त्यांना आबांच्या खाटेवर आडवं केलं होतं. व्याही आले म्हणून आबा नटूनथटून खुर्चीत बसले होते. आणि लेकीच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा वडिलांचा जुना नेम. तीन लेकी दिल्या, नेम कधी मोडला नाही. घरून आणलेली पाण्याची बाटली खाटेखालीच होती. मी तिला पाय लावून बाजूला सारली होती.

मेहुण्याची पथारी डोळ्यांपुढे दिसायला लागली. हात जोडून चुकलो म्हटलं आणि पिशवी उचलली. मला खरंच लाज वाटत होती.

पण सूनबाई रडता रडता हसत होती. "काका, सहा वर्षं झाली लग्नाला. दर वेळी बाबा माझ्या दारातून तहानलेले जातात आणि मला दिवसभर घास गिळवत नाही. आज माझ्या हातचं त्यांच्या पोटात गेलं."

ती आत गेली, उरलेल्या खिचडीवर तूप घालून घेऊन आली. वडील मुकाट्याने जेवले. मोडायचा तो नेम मोडलाच होता.

मग आबांनी तोंड उघडलं. शब्द सावकाश आले, पण स्पष्ट आले : हाऊच माणूस ठेवा, म्हणजे मलाच. नोकरी पक्की झाली. संध्याकाळी त्यांची साखर किती निघाली ते मात्र विचारू नका.

व्याही अजून माझ्याकडे टक लावून बघतच होते. मिशी पुसत म्हणाले, तू कंडक्टर व्हता ना? माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, तालुक्यातालुक्यात ओळख आहे आपली.

त्यांनी सांगितलं, बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांना खांडबाऱ्याला उतरायचं होतं. ते नको नको म्हणत असताना मी त्यांना दोन गावं आधीच उतरवलं होतं. भर उन्हात तिथून ते चालत गेले, वाटेत कुठे पाणी मिळालं नाही.

"तवय बी तू मन्हं ऐकं नही," ते म्हणाले. "पन आज पानी तरी पाजं."