मयेकर बाईंची बदली

काल ज्यांनी मयेकर बाईंच्या फोटोला हार घातला, त्यांनीच बाईंना या गावातून घालवलं होतं.

सकाळपासून सगळ्यांचे स्टेटस बघतेय. "आदर्श शिक्षिका." "गावाची माऊली." गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागलाय. बाईंचा फोटो एवढासा, आणि खाली हात जोडलेल्यांचे फोटो त्याच्या दुप्पट.

मला आता गप्प बसवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मयेकर बाई म्हणजे आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई. माहेर वेळणेश्वरचं, लग्न होऊन गुहागर तालुक्यातल्या आमच्या या गावात आल्या आणि नोकरीची बरीच वर्षं इथेच काढली. आज गावात तिशी-चाळिशीतला जो कोणी सही करतो, त्याच्या हातात पहिली पेन्सिल बाईंनी दिलीय.

मी पाचवीत होते तेव्हा शाळेत दुपारचं जेवण शिजवायचं काम माझ्या आईला मिळालं.

आम्ही बौद्धवाडीतले.

दुसऱ्याच दिवशी वरच्या वाडीतली मुलं घरून डबे घेऊन आली. आईने शिजवलेल्या भाताकडे पाठ करून बसली. मुलांना कुठलं कळतंय? त्यांना घरून सांगून पाठवलेलं.

आई त्या दिवशी भांडी घासताना बाईंना म्हणाली, "बाई, मी सोडतंय काम. उगा तुमाला तरास."

बाई म्हणाल्या, "तू सोडलंस तर उद्यापासून मी या मुलांना काय शिकवू? नुसती बाराखडी?"

आणि बाई ताट घेऊन आमच्यात येऊन बसल्या. रोज बसायला लागल्या. पाठ फिरवलेल्या मुलांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त जेवताना मोठ्याने म्हणायच्या, "आज आमटी काय झालीय गं!"

खरंच व्हायची. आईच्या हातची आमटी होती ती.

एके दिवशी सोनालीने डब्याला झाकण लावलं, उठली, आणि ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. दोनदा भात मागून घेतला.

सोनाली म्हणजे भाऊंची मुलगी. भाऊ म्हणजे तेव्हाही गावचे पुढारी, आजही पुढारी. नाव लिहीत नाही. माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

वाचताय ना, भाऊ?

दुसऱ्या दिवशी भाऊ शाळेत आले. वर्ग चालू असताना दारातून ओरडले, "आमची पोरं बाटवायला पगार घेता काय?"

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "तुमची मुलगी पोटभर जेवली, भाऊ. तेवढंच झालंय."

मग मुलांना शाळेत पाठवणंच बंद झालं. बाईंविरुद्ध वर तक्रार गेली. शिकवत नाहीत, राजकारण करतात, गावात भांडणं लावतात. आणि वर्ष संपायच्या आत बदलीची ऑर्डर आली. पार मंडणगडच्या टोकाला.

आईचं कामही गेलं.

घरी बाईंचे यजमान होते, हृदयाचे पेशंट. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते रोजच्या औषधाला आणि डॉक्टरला सोडून तिकडे जाऊ शकत नव्हते. बाई तिकडे खोली घेऊन एकट्या राहायच्या, सुट्टीला एसटीने यायच्या. एका पावसाळ्यात काकांना झटका आला. निरोप मिळाल्याबरोबर बाई निघाल्या. रस्त्यात दरड आली होती, गाडी अडकली.

बाई पोचल्या तेव्हा काकांना खाली घेतलेलं होतं.

हे पण लिहा ना फ्लेक्सवर.

रिटायर झाल्यावर बाई परत याच गावात आल्या. घराच्या पडवीत मुलांना शिकवायला लागल्या, फुकट. ज्यांनी घालवलं त्यांचीच नातवंडं पाटी घेऊन यायला लागली. बाईंनी एकालाही परत पाठवलं नाही.

मी चिपळूणला नर्स आहे. सुट्टीला आले की बाईंकडे जायचे. एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. रोज येतो. पण तो मुलांवर काढायचा नसतो."

"मग कोणावर काढायचा?"

बाई समोरच्या पोराचा हात धरून 'ळ' गिरवत राहिल्या.

परवा बाई झोपेतच गेल्या. काल संध्याकाळी शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. पहिलं भाषण भाऊंचं.

"बाईंनी आपल्याला समता शिकवली..."

माझी आई उठली. आयुष्यात कधी चार माणसांत बोलली नाही ती.

"बाईंची बदली कुणी केलान, ता सांगा आधी."

भाऊ म्हणाले, "वहिनी, आज तो विषय नको."

"बाई व्हत्या तवा काढलात नाय. आज त्या नायत, तर आज पण नको. मंग कवा?"

कोणीतरी आईला खाली बसवायला पुढे झालं. तेवढ्यात मागून सोनाली उभी राहिली. मुंबईहून रातराणीने आली होती बाईंसाठी.

"बाबांनी केली," ती म्हणाली. "मी जेवले म्हणून."

भाऊ माईक ठेवून निघून गेले.

तुम्हाला वाटेल, मग लोकांना लाज वाटली असेल. कोणी माफी मागितली असेल. नाही. चहा आला, लोकांनी चहा घेतला आणि घरी गेले. आज सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज, "शोकसभेत वाद घालणाऱ्यांचा निषेध." त्याखाली अंगठेच अंगठे. आणि मला खाजगीत, "झालं गेलं सोड ना. मेलेल्या माणसाचा तरी मान ठेव."

मान? एका बाईला नवऱ्याचं शेवटचं तोंड जिवंतपणी बघू दिलं नाहीत, आणि मान मला शिकवताय?

नाही सोडणार. ज्यांना अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा.

बाई, फुलं वाहून, डोळे मिटून उभं राहायला मला काल जमलं नाही.

आज माझ्याकडे हा रागच आहे. श्रद्धांजली म्हणून तोच घ्या.

जयभीम, बाई.