कुणाच्या हातचं जेवतो?

सुमनसिस्टर खुर्चीत टेकलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. आमच्या किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात सकाळी शिरल्या की दुपारपर्यंत येरझाऱ्या. घाटावरून आलेल्या मला, नव्या डॉक्टरला, त्याचा भारी वैताग यायचा. एकदा म्हटलंच, “अहो, बसा की जरा!”

“तुमी बसा, डॉक्टर. बसायचा पगार तुमाला हाय, मला फिरायचा.”

पालघरजवळच्या माहीमच्या मच्छीमार घरातली बाई. कुणाचं पोर एकटंच बडबडतंय अशी कुजबुज कानावर आली, की त्याच्या आईला गाठून विचारायच्या, “जेवतो ना? कुणाच्या हातचं?” मला हा शुद्ध चोंबडेपणा वाटायचा.

मग हेमंतची आई त्याला घेऊन आली. बावीस वर्षांचा पोरगा. दोन महिने झोप नाही, शेजारच्या बोटीवरचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणायचा. मी आईला विचारलं, “बोटीवर जातो का?”

“जातो की! एक फेरी चुकवली नाय.”

इथं समुद्रावर जातो तो माणूस बरा, असा हिशेब. वर्षभरात तो माझ्याही अंगवळणी पडला होता. झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, “आठ दिवसांनी या.”

हेमंत बाहेर गेल्यावर सिस्टरांनी आईला दारातच अडवलं. “कुणाच्या हातचं जेवतो?”

बाई रडायलाच लागली. “माज्या हातचं नाय. विष घालते म्हनतो. आपले बोंबील वेगळे वाळवतो, नि तिथंच राखनीला बसतो.”

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “डॉक्टर, आजच पालघर. मनाच्या डॉक्टरकडं.”

“अहो, तिकडची चिठ्ठी दिली की पोराच्या कपाळावर शिक्का बसतो. लग्न व्हायचंय त्याचं. आधी आपण बघू.”

“तुमाला येतं काय यातलं?”

“फारसं नाही,” मी चिडून म्हणालो.

“मग ठेवताय कशाला?”

पण डॉक्टर मी होतो. आठ दिवस म्हणजे आठ दिवस! दोन दिवस त्या व्हरांड्यात अशा फिरल्या की मला सरळ रेघ मारता येईना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोरी चिठ्ठी माझ्यापुढं आपटली. “लिवा आणि सही करा. हेमंत भायेर रिक्षात हाय.”

खिडकीतून पाहिलं. तो बिस्किटं खात होता. बंद पुडा सिस्टरांनी त्यालाच फोडायला दिला होता. वेडाबिडाचं नाव काढलं नव्हतं. “झोप लागत नाय ना बाळा, झोपेच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू,” एवढंच बोलल्या होत्या. मी धुसफुसत लिहिलं, सही ठोकली. पालघरला त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. तीन महिन्यांनी तो आईच्या हातची भाकरी खाऊ लागला. गोळ्या अजून चालू आहेत, बोटही.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि गेल्या साली वारल्या. ‘तुमचं बरोबर होतं’ हे एक वाक्य मला त्यांच्या तोंडावर म्हणता आलं नाही, याची लाज वाटते.

अंत्यविधीनंतर माहीमला त्यांच्या अंगणात माणसं बसली होती. हेमंतनं तिरडीला खांदा दिला होता. तो माझ्याजवळ आला. “डॉक्टर, तुमी आठ दिवस सांगितलेलं ना?”

“हो.”

“मी चवथ्या दिवशी जानार होतो. ते बोटीवरचे आवाज पान्यात बोलवत होते. ठरवलेलं मी.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “सिस्टर तिसऱ्या दिवशी आली.”

कुणीतरी खुर्ची पुढं सरकवली. म्हणालं, “डॉक्टर, बसा.”

मला बसवेना.