मथुराबाईंची परीक्षा

आमच्या दवाखान्यात कुणी दगावलं, की मथुराबाई ती खाट धुऊन घेत आणि नव्या रोग्याला देण्याआधी स्वतः तिच्यावर घटकाभर बसत. आम्ही मदतनीस बायका त्या खाटेजवळून जायलाही कचरायचो. त्या म्हणत, "भ्यायला काय झालं गं? गेलेलं मानूस जागा धरून न्हाय बसत. आपनच त्याला बसवून ठेवतो."

मथुराबाई आमच्या मुख्य नर्स. पालीकडच्या कुणब्याची विधवा, मुंबईला जाऊन शुश्रूषा शिकलेली, पण बोली पालीचीच राहिली. एका व्यापाऱ्यानं खाडीकाठी बांधलेला आठ खाटांचा तो धर्मादाय दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा श्रीवर्धनहून येत. बाकीचे दिवस सगळं बाईंच्या अंगावर.

तीस सालच्या आगेमागे मी तिथं नोकरी मागायला गेले. मीही विधवा, माणगावजवळच्या खेड्यातली. भातं कापून झाली की मला आणि माझ्या मुलीला घरात जागा नाही, असं भावजयीनं तोंडावर सांगितलं होतं. नोकरी मिळाली तर दवाखान्यामागची खोली मिळणार होती. म्हणून गावच्या मास्तरांकडून मी ताप कसा मोजायचा, पट्ट्या किती वेळ उकळायच्या, हे सगळं पाठ करून घेतलं होतं. वाटभर तेच घोकत गेले.

बाईंनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही.

"उलटी काढशील?"

"हो."

"मढं धुशील?"

"हो."

"रोग्यानं शिव्या घातल्या तर?"

"ऐकून घेईन."

"ऐकशील, पन मनात ठेवशील. नाकावरच दिसतंय तुझ्या."

मला राग आला. खरं होतं ते, म्हणूनच आला. त्या उठून ओटीवर जाता जाता म्हणाल्या, "चार नंबरच्या बाईला पानी पाज जा. मग बघू."

चार नंबरला जानी नावाची कातकरीण होती. बाळंतपणानंतरच्या तापानं आली होती, मूल आधीच गेलेलं. ओठांना भेगा पडलेल्या. "बाय, पानी दे गं," म्हणाली. मी तांब्या भरला आणि तिच्यापासून हातभर लांब उभी राहून वरून धार धरली. कातकऱ्याला पाणी असंच घालायचं, ही आमच्या घरची रीत. जन्मात मी दुसरी रीत पाहिली नव्हती. वर तिला सांगितलं, "ओंजळ कर." तिनं हात उचलायचा प्रयत्न केला. ते छातीपर्यंतही आले नाहीत. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, उशी भिजली.

तेवढ्यात ओटीवरून बाईंची हाक आली, "पाजलंस का गं?"

मी म्हणाले, "हो, पाजलं."

जानीनं ते ऐकलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं अजून माझ्यावरून हटलेलं नाही.

मी बाहेर जाऊन, मला पोचवायला आलेल्या भावाला सांगितलं की काम झालंसं वाटतं. पण मन थाऱ्यावर राहीना. तांब्या पुन्हा भरून आत गेले, म्हटलं आता मान उचलून पाजू, बाटले तर बाटले. जानी गेली होती. बाई तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजपासून ऱ्हा."

तिथं मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं राहिले. बाईंनी मला सगळं शिकवलं. "रोग्याला हात लावताना आधी आपला हात ऊन करून घ्यावा," म्हणत. "घाई असली की हळू चालावं." माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बाराखडी शिकली. पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. कधीकधी दुपारी खाटांमधून जाताना चार नंबरवरून कुणीतरी बघतंय असं वाटून माझे पाय अडायचे. बाईंना ते दिसायचं, आणि त्या तोंड फिरवून घ्यायच्या. मला वाटायचं, त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

त्यांची नजर गेली आणि पालीहून पुतण्या न्यायला आला, तेव्हा त्यांचं बोचकं बांधताना मी सांगून टाकलं, "बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. जानीच्या तोंडात थेंब गेला नव्हता."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "हाक मारली ना, तवा मी खिडकीशीच उभी व्हते. समदं बघितलं."

माझ्या हातातलं बोचकं तसंच राहिलं. मी विचारलं, "मग तुम्ही का नाही पाजलंत?"

बाईंनी चाचपत बोचक्याची गाठ धरली.

"परीक्षा घेत व्हते ना तुझी," म्हणाल्या. "म्हटलं, पोरगी परत येते का बघू. आनिक थोडं बघू. तू आलीस गं. पन तिला तेवढा दम न्हवता."

पुतण्यानं त्यांना धरून गाडीत बसवलं. नऊ वर्षं जानीचं मरण माझ्या एकटीच्या माथी आहे असं मी धरून चालले होते.

आता नव्या मुली कामाला मीच ठेवते. आलेल्या मुलीला ओटीवर बसवते, आत जाऊन आठही खाटांना स्वतः पाणी पाजते, आणि मग तिचं नाव विचारते.