हा आवाज ओळखीचा नाही

जिन्यात हल्ली दुसरा विषयच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं नवं वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाले की गाणं म्हणायचं, आणि ते बंद कसं करायचं हे सांगणारा माणूस त्यांना अजून भेटला नव्हता. समोरच्या शिंपीमामांची तऱ्हा वेगळी. "घर माझं, टीव्ही माझा, हप्ते मी फेडले, आणि रोज सकाळी मी कोण ते यालाच पटवून द्यायचं?" असं ते कडाडायचे. पासवर्ड त्यांना कधी आठवला नाही, पण कडाडणं त्यांचं कधी चुकलं नाही.

"तुमचं बरंय हो काकू," मास्तरीणबाई म्हणायच्या. "तुमची ती डबी काकांचं ऐकते तरी."

"ऐकते ना," काकू म्हणायच्या. "हे नुसतं दिवा म्हणाले की दिवा. पंखा म्हणाले की पंखा."

एवढं बोलून काकू भाजीची पिशवी उचलायच्या आणि घरात सटकायच्या. कारण त्या धडधडीत खोटं बोलत असत, आणि खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे.

काका म्हणजे बसस्थानकावरचे अनाउन्सर. हयातभर त्यांनी एका काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. गाडी उशिरा येणार हे वाईट वर्तमानही ते असं सांगायचे, की चिडलेला प्रवासी मुकाट बाकावर जाऊन बसायचा. घरीसुद्धा त्यांचा हा नाद सुटला नव्हता. "स्वयंपाकघराकडून निघालेला चहा अद्याप आलेला नाही, प्रवाशांनी नोंद घ्यावी," असं बाहेरच्या खोलीतून पुकारायचे, आणि काकू आतून ओरडायच्या, "प्रवाशांनी स्वतः येऊन न्यावा!" बाजारात काका भाव विचारायला तोंड उघडायचे तर दोन दुकानं सोडून उभी असलेली माणसं मान वळवायची. चेहऱ्याने त्यांना कुणी ओळखत नसे, आवाजाने सगळं गाव ओळखायचं.

आणि मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला, ते एक वेळ परवडलं. पण जीभ जड झाली. 'दिवा' म्हणायला जावं तर 'इ' आणि 'आ' यांच्या मधे काहीतरी ओलं, घरंगळतं बाहेर पडायचं. काकूंना त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. दुसऱ्या कुणाला काही म्हणजे काही कळत नसे. डॉक्टरांनी निघताना काकूंना बाजूला घेऊन बजावलं होतं, "त्यांना बोलतं ठेवा. कसंही बोलू द्या, पण बोलणं थांबलं, तर पुन्हा येणं कठीण."

परगावी नोकरीला असलेला मुलगा चार दिवसांसाठी आला. गुणी पोरगा, बापाचे हाल त्याला बघवेनात. त्याने बाहेरच्या खोलीत काकांच्या खाटेजवळ आवाजावर चालणारी एक गोल डबी बसवली, दुसरी स्वयंपाकघरात. दिवे बदलले, पंखा बदलला, आणि भिंतीवरच्या बटणांवर चिकटपट्ट्या मारल्या. "आई, बटणांना हात लावायचा नाही, सगळं सेटिंग जाईल. बाबांनी पडल्यापडल्या नुसतं बोलायचं. कुणावाचून अडायला नको त्यांचं." बसवून झालं आणि तो गाडी गाठायला पळाला.

काका बोलले. डबी म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." काका पुन्हा बोलले, घसा ताणून, एकेक अक्षर लोटत. डबी तितक्याच गोड आवाजात पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा काकांनी प्रयत्नच केला नाही. त्या दिवशी पाणी हवं होतं तेही त्यांनी बोटाने दाखवलं.

आता यापुढे काकूंनी जे केलं त्याला शहाणपण म्हणा नाहीतर आगाऊपणा म्हणा. त्यांनी बाहेरच्या डबीवरचं वजाचं बटण दाबत दाबत तिची वाचाच बंद केली. मग काका खाटेवरून "इ...आ" म्हणाले, की काकू आत नळ सोडायच्या, आणि पाण्याच्या आवाजाआडून स्वयंपाकघरातल्या डबीला हळूच सांगायच्या, "बाहेरचा दिवा लाव." बाहेर दिवा लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा काकांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि वाकड्या झालेल्या तोंडाने इतके हसले, की काकूंना पदर डोळ्यांना लावायला नळ चालूच ठेवावा लागला.

त्यानंतर काकांना थांबवणं मुश्कील झालं. दिवा लाव, मालव, पंखा वाढव, कमी कर. गरज नसताना उगाच. काकूंचा जीव मेटाकुटीला यायचा. अंघोळीला गेल्या तरी कान बाहेर. पण काका बोलत होते. "अगं, बघ, ऐकते की नाही!" असं त्यांच्या भाषेत दिवसातून दहादा बजावत होते. काकूंना आणखी काय हवं होतं?

मुलगाही खूश होता. एके दिवशी फोनवर काकूंनी सहज गंमत म्हणून सांगितलं, की मास्तरीणबाईंकडे टीव्हीवरच्या जाहिरातीतली बाई काहीतरी बोलली आणि घरातला एसी सुरू झाला. मुलगा एकदम गंभीर झाला. "असं होता कामा नये आई. उद्या खिडकीबाहेरून कुणीही काहीही सांगेल. मी इथून सेटिंग बदलतो. यापुढे ती फक्त बाबांचा आवाज ओळखेल. तुझ्या फोनवर पाच वाक्यं पाठवतो, बाबांना मोठ्याने वाचायला सांग. तुझा आवाज मी आलो की घालू."

काकूंचं धाबं दणाणलं. खरं सांगावं, तर पोरगा लगेच बापाशी बोलणार, आणि त्या माणसाचं उमललेलं तोंड पुन्हा मिटणार. न सांगावं, तर ही पाच वाक्यं वाचायची कुणी? दुपारी काकांचा डोळा लागला तेव्हा काकू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि पाचही वाक्यं शाळेतल्या मुलीसारखी खणखणीत वाचली. फोनवर हिरवी खूण उमटली. खाली लिहिलं होतं, 'बाबा'. नाव त्यांचं, आवाज आपला, दिवा लागल्याशी कारण, असं काकू स्वतःला म्हणाल्या.

पण पोराने तिकडून आणखी एक गोष्ट केली होती. बाहेरच्या डबीचा आवाज बंद दिसला म्हणून, आईवडिलांना ऐकू येत नसेल या काळजीने, त्याने तो पुरता वाढवून ठेवला होता.

संध्याकाळी अंधारून आलं. काकू भांडी घासत होत्या. बाहेरून काकांचा आवाज आला, नेहमीसारखा, हक्काचा. आणि त्यावर डबी घरभर घुमली.

"हा आवाज ओळखीचा नाही. कृपया घरातल्या माणसाला बोलवा."

काकूंच्या हातातून वाटी निसटली. काका पुन्हा बोलले. डबी पुन्हा तेच म्हणाली. काकूंना काही सुचेना. इतक्या दिवसांची सवय, तोंडातून शब्द निघून गेले, "बाहेरचा दिवा लाव."

"हो बाबा, लावते," स्वयंपाकघरातली डबी ठणठणीत म्हणाली, आणि बाहेर लख्ख उजेड पडला.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हात साबणाने भरलेले. काका त्यांच्याकडे बघत होते. माईक, कर्णे आणि तारांत जन्म गेलेला माणूस तो, कोण कुठून बोललं हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कि...ई...अअस?" काकांनी विचारलं.

किती दिवस. काकूंना अक्षर न् अक्षर कळलं. एकदाच आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "अहो, डॉक्टर म्हणाले होते... तुम्ही बोलायचं थांबाल म्हणून मी..."

काकांनी सावकाश मान हलवली. रागावले असते, डावा हात आपटला असता, तर काकूंनी ते आनंदाने सोसलं असतं. त्यांनी फक्त तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी काका बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. काकूंनी विनवलं, लटकं भांडून पाहिलं, चहा मुद्दाम उशिरा दिला आणि "प्रवासी तक्रार करत नाहीत वाटतं" असं म्हणूनही पाहिलं. चहा निवला. काकांनी तो निवलेलाच प्यायला. शेवटी आठवड्याने काकूंनी भीड गुंडाळून ठेवली आणि मुलाला फोन लावला.

"अरे, त्या डबीतला आवाज माझा आहे. बाबांचा नाही. पहिल्यापासून मीच बोलत होते."

मुलगा हसला. "आई, मशीन असं फसत नाही गं. आवाजाची ओळख पक्की असते. माझ्याकडे सगळं दिसतं ना इथे. कालसुद्धा बाबांनी दिवा लावलाय, पंखा लावलाय. उच्चार किती स्वच्छ झालेत त्यांचे! तू उगाच घाबरतेस."

"अरे, ते बोलत नाहीयेत! आठवडा झाला, एक अक्षर नाही!"

"दे बघू त्यांना फोन."

काकूंनी फोन काकांच्या कानाशी धरला. "बोला ना हो," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "काहीही बोला. मला शिव्या द्या." काका भिंतीकडे बघत राहिले. फोनमधून मुलाचा आवाज येत होता, "हॅलो, बाबा? बाबा, ऐकू येतंय का? हॅलो?" बराच वेळ तो हाका मारत राहिला.

मग म्हणाला, "आई, तुमच्याकडचं नेट गेलंय. बाबांचा आवाजच येत नाहीये. असं कर, राऊटर एकदा बंद करून परत चालू कर."

काकूंनी फोन खाटेवर ठेवला आणि त्या राऊटर बंद करायला उठल्या.