आई ट्राममध्ये बसली ती दुपार

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. इंजिन अडलं तर आम्ही लिंबू-मिरची नाही, पाना शोधायचो. म्हणून हे आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तीही ऐकून "बरं" एवढंच म्हणाली होती.

माझे वडील – आबा – मुंबईत ट्रामचे ड्रायव्हर. आई आणि मी शिरूरला, घोडनदीच्या बाजूला दोन खोल्यांत. आबा दिवाळीला चार दिवस यायचे आणि दर वर्षी निघताना आईला म्हणायचे, "औंदा तुला ट्राममदी बसवतो." बावीस वर्षं हेच चाललं. चौसष्ट साली ट्रामच बंद झाली आणि आबा ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. आईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं... पण बोलणं जेवढ्यास तेवढं. पाहुणा मुक्कामाला यावा आणि जायचं नाव काढू नये, तसं तिचं वागणं होतं. मला दोघांचाही राग यायचा.

पुढच्या वैशाखात आईला टायफॉइड झाला. दौंडला मला तार आली. दुपारी शिरूरला एसटीतून उतरून घरी पोचलो, तर डॉक्टर दारातच भेटले. "ताप आज उतरला पाहिजे," म्हणाले. 

आई खाटेवर. डोळे अर्धवट उघडे, पण मला ओळखलं नाही. कपाळावरची ओली घडी मी बदलत होतो आणि ती लगेच सुकत होती. आबा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर, दोन रात्रींचं जागरण झालेले... भिंतीला टेकून तिथंच झोपले. दारावर हिरवं लुगडं ओलं करून टांगलं होतं, त्यामुळे खोलीत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, मग तेही थांबलं.

आणि आबांचा डावा हात हलायला लागला. सावकाश, गोल – काहीतरी फिरवावं तसा. मग टाच जमिनीवर आपटली. सारवलेली जमीन ती, धप्प आवाज यायला हवा. मला मात्र ट्रामच्या ड्रायव्हरच्या पायाखाली असते तशी पितळेची घंटा ऐकू आली... ठण, ठण. खोटं कशाला सांगू, मी वाकून त्यांच्या टाचेखाली पाहिलं. काही नव्हतं.

भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट गुंगी आली. खाट डुलतेय, तोंडावर वारा लागतोय असं वाटत राहिलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग हात थांबला. आबा झोपेतच उठले, खाटेला वळसा घालून आईच्या उशाशी जाऊन उभे राहिले, आणि हात पुन्हा फिरू लागला.

चारच्या सुमारास आईला दरदरून घाम फुटला. ताप उतरला होता. आबा डोळे चोळत इकडंतिकडं बघत होते.

"लई लांब गेली हुती रं गाडी," आई म्हणाली.

"कुठली गाडी?"

"ट्राम. शेवटाला समदी उतरली. झाडाखाली गार वाटत हुतं, म्हून मी बी उठले. तर ह्ये हातात पितळी दांडा घिऊन आले आन् म्हनले, उतरू नगं, बाकाची पाठ उलटी कर आन् बस. केली उलटी, तवा तोंड घराकडं झालं."

मी हसणारच होतो. आमच्या इंजिनाचं तोंड फिरवायचं तर अख्खं धूड टर्नटेबलच्या फिरत्या चौथऱ्यावर चढवावं लागतं. पण आबा पांढरेफटक पडले होते. ट्राम वळत नाही, ते म्हणाले. ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जातो, बाकांच्या पाठी उलटवतात आणि गाडी तशीच परत निघते.

"तुम्हीच कधीतरी तिला सांगितलं असेल," मी म्हणालो.

"कवा? माज्याशी बोलत हुती का ती?"

आईनं हळूच मान त्यांच्याकडं वळवली. "चांगलं गार हुतं तिथं. का उतरू दिलं न्हाई मला?"

आबा खाटेची कड धरून खाली बसले. "तुज्याशी बोलायचं राहिलंय," म्हणाले, आणि रडले. आबांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

स्पष्टीकरण विचाराल तर आजही माझ्याकडे नाही. तापात माणसाला काहीही दिसतं, हे मलाही कळतं. पण ताप मला नव्हता, आणि घंटा मी ऐकली. माझी रजा चार दिवसांची होती. मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं दौंडला परतलो... कारण ती दोघं पहाटेपासून बोलत होती, आणि तिथं माझं काही काम नव्हतं.